डेअरीची खोली

“या गावाचं पुरुषांच्या व्यसनानं पार वाटोळं...” एवढं म्हणून मी आवेशात हात वर केला, आणि कमरेला खोचलेली माझी मशेरीची डबी सुटली. ग्रामपंचायतीच्या ओट्यावर टणकन आपटली, घरंगळत पायरीवरून खाली गेली आणि थेट आबाशेठच्या पायाशी जाऊन थांबली.

आबाशेठ म्हणजे आमच्या तळकुंभीतला देशी दारूचा दुकानदार. कडक इस्त्रीची टोपी, बोलणं गुळासारखं. त्यानं सावकाश वाकून डबी उचलली, झाकण उघडून वास घेतला आणि शेवटच्या ओळीतल्या म्हाताऱ्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “शालनताई, तुमची बाटली पडली बघा.”

अख्खी ग्रामसभा खदाखदा हसली. पुरुष हसले त्याचं काही नाही, पण माझ्यामागं ठरावाला म्हणून आलेल्या बायकाही पदरात तोंड खुपसून हसत होत्या. माझी मैत्रीण मालन सगळ्यात जास्त. त्यातल्या एकूण एक बाईच्या कमरेला तसलीच डबी होती, हे मला चांगलं ठाऊक होतं. मेलीला नंतर मी चांगलीच झापली.

आता खरं सांगते, हसू नका. मशेरी हे व्यसन आहे, हे तोवर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, कुटायची, आणि सकाळी उठल्याउठल्या बोटानं दातांना लावायची. आम्ही त्याला दात घासणं म्हणायचो. व्यसन म्हणजे दारू, आणि व्यसनी म्हणजे पुरुष. आम्ही बायका आपल्या स्वच्छ. दिवसातून सहा-सहा वेळा दात घासणाऱ्या! मी तर अंगणवाडीची सेविका. पोरांना आरोग्याची गाणी शिकवायची आणि मधल्या सुट्टीत दाराआड जाऊन चिमूटभर लावून यायची.

त्या दिवशी मी ओट्यावर चढले होते ती एका खोलीसाठी. एस.टी.च्या थांब्याजवळ दूध डेअरीची जुनी खोली होती. डेअरी नव्या इमारतीत गेली आणि खोली पंचायतीकडं रिकामी पडली. तिच्यासाठी दोन अर्ज आले. एक आबाशेठचा. त्याला आपलं दुकान गावाच्या टोकावरून थांब्यावर आणायचं होतं, आणि त्याला ग्रामसभेचा ठराव लागतो. दुसरा अर्ज आम्हा बायकांचा. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातल्या लोखंडे मॅडम मला म्हणाल्या होत्या, “शालनताई, दारू आमच्याकडं सुटते हो, पण ती टिकवायची गावात. तुम्ही फक्त एक खोली द्या, मी डॉक्टरांना घेऊन दर गुरुवारी येते. औषधं आमची, बोलणं आमचं.”

आणि मला ती खोली हवी होती माझ्या नवऱ्यासाठी. लपवायचं कशाला? जालिंदर गवंडी. पंचक्रोशीत त्याच्यासारखी सरळ भिंत कुणी उचलत नव्हतं. पण दारूनं हात असे कापायला लागले की ओळंबा धरला तरी दोरी नाचायची. दोनदा त्याला साताऱ्याला उपचाराला ठेवला. दोन्ही वेळा माणूस धुतल्यासारखा स्वच्छ होऊन आला, महिना दीड महिना नीट राहिला आणि पुन्हा लागला. मी त्याला दुकानाकडं फिरकू देत नव्हते. दिवसभर घरात त्याची आई, माझ्या आत्याबाई, राखणीला. तरी माळ्यावर, कणगीमागं, रिकामी बाटली सापडायचीच. ती घरात येते कुठून, याचा मी जंग जंग पछाडून शोध घेतला, पण पत्ता लागला नाही. तिसऱ्यांदा साताऱ्याला न्यायची माझ्यात धमक नव्हती. गुरुवारची ती खोली मिळाली नाही तर माझा नवरा मरणार होता. इतकं ते साधं होतं.

आणि नेमकी त्याच वेळी डबी पडली.

“आधी सोताची सोडा, मग दुसऱ्याची सोडवा!” मागनं कुणीतरी ओरडलं.

आबाशेठ डबी हातात खेळवत म्हणाला, “अण्णा, मी काय म्हंतो, ठराव आज नको. एकवीस दिवसांनी परत सभा घेऊ. तवर शालनताईंनी एक दिवस बी मशेरी लावली न्हाई, तर मी माझा अर्ज मागं घेतो. लावली, तर खोली माझी. हाय कबूल?”

सरपंच निवृत्तीअण्णांनी माझ्याकडं बघितलं. चांगला माणूस, पण दोन्हीकडच्यांना हो म्हणायची खोड. माझ्या अंगाची आग झाली होती. “कबूल!” मी म्हणाले. “आणि डबी तुमच्याकडंच ठेवा, आबाशेठ. एकवीस दिवसांनी घेते.”

टाळ्या पडल्या. मी ऐटीत घरी आले, चहा टाकला, चहा प्याले, आणि सवयीनं हात कमरेला गेला. तिथं काहीच नव्हतं. तेव्हा कुठं मला कळलं, मी काय करून बसले ते.

पहिला दिवस रागावर निघाला. दुसऱ्या दिवशी डोकं धरलं. तिसऱ्या दिवशी पोट साफ होईना, हिरड्या शिवशिवायला लागल्या, जांभयांवर जांभया. आमटीत दोनदा मीठ पडलं. अंगणवाडीत हजेरी घेताना पोरांची नावं विसरले. म्हशीला बोलले, शेजारणीला बोलले, देवाला बोलले. त्यात आत्याबाई रोज सकाळी परसात तवा चढवून तंबाखू भाजायच्या, आणि तो खमंग वास सगळ्या घरात फिरायचा. मुद्दाम नव्हत्या करत बिचाऱ्या. न्हाण आल्यापासून त्या मशेरी लावत होत्या, त्यांना दुसरी सकाळ माहीतच नव्हती.

चौथ्या दिवशी सकाळी मी डोक्याला फडकं बांधून पायरीवर बसले होते. जालिंदर येऊन शेजारी बसला. मला वाटलं, आता हा हसणार. हसायचा त्याला हक्कच होता, बारा वर्षं मी त्याला नाही नाही ते बोलले होते.

तो म्हणाला, “पाचव्या दिसापातूर असंच हुतं. सहाव्याला जरा उतरतं.”

“तुम्हाला काय माहीत?”

“मला न्हाई तर कुणाला?” त्यानं तांब्या पुढं केला. “पानी पी. हुक्की आली की लगीच हो म्हनायचं न्हाई, न्हाई बी म्हनायचं न्हाई. पाच मिंटं थांबायचं. पाच मिंटानं परत पाच मिंटं. मला तिकडं असंच शिकवलं.”

“मग तुम्ही का नाही थांबलात?”

त्यानं माझ्या हातातला तांब्या घेऊन खाली ठेवला. मग म्हणाला, “तिकडं थांबायला सोबत कुनीतरी असायचं.”

त्या दिवसापासून हा माणूस माझ्याशेजारी पाच-पाच मिनिटं बसायला लागला. स्वतः प्यायचा, संध्याकाळी डोळे लाल असायचे, पण सकाळी माझ्या हातावर बडीशेप ठेवायला कधी चुकला नाही. लग्नाला वीस वर्षं झाली होती. एवढं सलग आम्ही कधी बोललो नव्हतो.

चौदाव्या दिवशी मी पडले.

पर्यवेक्षिका बाई तपासणीला आल्या होत्या. वजनाचा काटा बिघडलेला, दोन पोरं तापानं फणफणलेली, आणि बाई माझ्यावर खेकसून गेलेल्या. भर दुपारी घरी आले ती कपाळ असं ठणकत की डोळ्यांपुढं अंधारी. आले आणि उंबऱ्यावर बसून लहान पोरीसारखी रडायला लागले. जालिंदर घरी नव्हता. आत्याबाई आतून आल्या. त्यांनी माझी मूठ उघडली, त्यात चिमूटभर मशेरी ठेवली आणि मूठ पुन्हा मिटली.

“लाव जरा,” त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. “कुनाला कळतंय? तुझं हाल बघवंना गं मला.”

मी लावली. काय सांगू, सगळं अंग सैल झालं. आणि तोंड धुताना आरशात काळे दात दिसले तेव्हा स्वतःची अशी किळस आली, की मी आरसा भिंतीकडं फिरवून ठेवला.

जालिंदर आल्यावर त्याला सांगितलं. म्हटलं, संपलं सगळं, खोली गेली. तो खाटेवर बसला. मग म्हणाला, “उद्या पयला दिवस धर.”

“अहो, पण पैज...”

“पैजंचं पैजंला. तू उद्या पयला दिवस धर. आनि सभंत बोलू नगंस. तुला, मला आनि आयेला, तिघांनाच म्हाइत हाय.”

पंधराव्या दिवशी मी पुन्हा पाच-पाच मिनिटं मोजायला बसले. पुढचे सात दिवस पाळले. एकदासुद्धा हात लावला नाही.

सभेच्या दिवशी ओटा, अंगण, समोरचा पार, सगळं माणसांनी भरलं होतं. लोखंडे मॅडमही आल्या होत्या. बायका पुढं येऊन बसल्या होत्या आणि मालन सगळ्यांना सांगत सुटली होती की आमच्या शालीनं जिंकलं. मी खाली मान घालून बसले होते. मनाशी ठरवून आले होते की गप्प राहायचं. एका चिमटीसाठी नवरा घालवू का?

पण आबाशेठ काय कच्च्या गुरूचा चेला नव्हता. त्यानं वाघजाईच्या देवळातनं भंडाऱ्याचं ताट मागवून घेतलं आणि टेबलावर ठेवलं.

“माझा शालनताईंवर इस्वास हाय,” तो गोड हसत म्हणाला. “पन गावाचं काम हाय. ताईंनी फकस्त भंडारा उचलावा आनि म्हनावं, एकवीस दिसांत येकदा बी लावली न्हाई. मग म्या गप घरी जातो.”

आमच्याकडं भंडारा उचलून खोटं बोललेलं माणूस अजून जन्मलेलं नाही. बांधाची भांडणं, सोयरिकीचे रुसवे, सगळं त्या पिवळ्या हळदीवर मिटतं. मी ताटापर्यंत गेले. जालिंदर गर्दीच्या कडेला उभा होता, त्यानं हळूच मान हलवली, बोलू नकोस म्हणून. मी हात पुढं केला. भंडाऱ्यापासून वीतभर अंतरावर तो थांबला.

“चौदाव्या दिवशी लावली,” मी म्हणाले.

एकच गिल्ला झाला. मालन कपाळाला हात लावून बसली. आबाशेठनं टोपी नीट केली. “ऐकलं न्हवं, अण्णा? मिटलं. खोली माझी.”

“माझं बोलणं संपलेलं नाही,” मी म्हणाले. आता भ्यायचं काही उरलंच नव्हतं, त्यामुळं आवाज चांगला खणखणीत निघाला. “चौदाव्या दिवशी मी पडले. पंधराव्या दिवशी उठले. का उठले ठाऊक आहे? घरात एक माणूस होतं, ज्याला हे दुखणं माहीत होतं. त्यानं मला पाणी दिलं, माझ्याशेजारी बसलं. कोण ते? माझा नवरा. ज्याला तुम्ही बेवडा म्हणता ना, तो. आणि तो पडला तेव्हा मी काय केलं? दारात उभी राहून शिव्या दिल्या. मला माहीतच नव्हतं हे कसं दुखतं ते! मी चिमटीभर मशेरी सोडताना म्हशीशी भांडले, आणि त्याला म्हणायची, मनात आणलं तर उद्या सोडशील. गाववाल्यांनो, ही खोली मी पडलेल्यांना उठवायला मागते आहे. पैज हरले, कबूल. पण मागणं माझं तेच आहे.”

“ह्ये भाषान झालं,” आबाशेठ म्हणाला. “पैज म्हंजे पैज.”

“थांब रं आबा.”

बायकांच्या मागच्या ओळीतून आत्याबाई उठल्या. अडुसष्ट वर्षांची बाई, उभ्या जन्मात कधी चार माणसांत तोंड उघडलं नव्हतं. काठी टेकत टेबलापर्यंत आल्या आणि कुणाला काही कळायच्या आत त्यांनी मूठभर भंडारा उचलला.

“सुनंला मशेरी म्या दिली,” त्या म्हणाल्या. “ती मागत नव्हती. मला बघवलं न्हाई, म्हून दिली. आनि अजून सांगते.” त्यांनी भंडाऱ्याची मूठ वर धरली. “माज्या जालिंदरला दारू बी म्याच दिली. सातारनं चांगला हून आला, तरी येखाद्या सकाळी अंग तळमळायचं त्येचं. हात असं थरथरायचं की कपबशी धरवंना. मी आई हाय. मला वाटायचं, घोटभर प्याला तर निवांत हुईल. ह्या आबाच्या दुकानाच्या मागल्या दारानं म्या बाटली आनायची. पदराखाली. दुकान बंद असलं तरी द्यायचा ह्यो.”

माळ्यावरच्या बाटल्या, कणगीमागच्या बाटल्या. सगळा मुलूख शोधला आणि चोर आमच्या चुलीपाशी बसलेला होता. चोर तरी कसं म्हणू? जशी चिमूट त्यांनी माझ्या मुठीत ठेवली, तशीच बाटली त्या लेकाच्या हातात ठेवत होत्या, तितक्याच मायेनं.

“म्हातारे, काय बी बरळू नगंस!” आबाशेठचा गूळ पहिल्यांदाच संपला होता. “म्या कंदी मागल्या दारानं...”

“खोटं बोलते मी?” आत्याबाईंनी ताट त्याच्याकडं सरकवलं. “मंग उचल भंडारा.”

आबाशेठनं ताटाकडं बघितलं, अण्णांकडं बघितलं, देवळाच्या शिखराकडं बघितलं. हात काही वर येईना. कुणीतरी मागनं म्हणालं, “उचला की शेठ, हळदच हाय.” आणि एकवीस दिवसांपूर्वी माझ्यावर जसं हसलं होतं तसं सगळं गाव पुन्हा हसलं, पण या वेळी त्याच्यावर.

निवृत्तीअण्णांना जन्मात पहिल्यांदा एकाच बाजूला हो म्हणावं लागलं. “डेअरीची खोली व्यसनमुक्तीच्या दवाखान्याला द्यायची. ज्यांना मंजूर, त्यांनी हात वर करा.”

बायकांचे हात तर गेलेच. पण कडेला पहिला हात वर गेला तो जालिंदरचा. थरथरत होता, सगळ्यांना दिसत होतं, त्यानं लपवला नाही. मग त्याच्याबरोबर बसणारे-उठणारे, पाराखाली रोज लवंडणारे, एकेक करून हात वर करायला लागले. ज्यांच्या जोरावर आबाशेठ उड्या मारत होता, तेच! अण्णांनी मोजायला सुरुवात केली आणि मध्येच सोडून दिली. “मंजूर!” ते ओरडले. मालननं मला अशी मिठी मारली की माझी काकणं फुटली. लोखंडे मॅडम रडत होत्या, मी रडत होते, आणि आबाशेठ माझी डबी टेबलावर ठेवून मागच्या बाजूनं सटकला होता.

याला आता सतरा वर्षं झाली. सगळं एका दिवसात नीट झालं असं नाही. जालिंदर त्यानंतरही दोनदा पडला. पण आता पडला की गुरुवार जवळ असायचा. तिसऱ्यांदा उठला तो आजतागायत उभा आहे. आमच्या अंगणवाडीची नवी भिंत त्यानंच बांधली, येऊन ओळंबा लावून बघा हवं तर. मीही तेव्हापासून मशेरीला शिवले नाही. माझ्या त्या डबीत आता खोलीतल्या टाचण्या असतात.

पण मला सगळ्यात जास्त आठवतो तो पहिला गुरुवार. खोलीला अजून दुधाचा आंबूस वास येत होता. लोखंडे मॅडम नवी वही उघडून बसल्या होत्या. बाहेर दहाबारा माणसं घुटमळत होती, पण पहिला आत जायला कुणी धजेना. आत्याबाई काठी टेकत सरळ आत गेल्या आणि खुर्चीवर बसल्या.

“नाव?”

“गजराबाई. व्यसन लिव्हा मशेरी.”

“किती वर्षं?”

“पंचावन्न लिव्हा. कमी नगं.”

“सोबत कोण आलंय?”

“सून.”

मग जालिंदर आत आला. मान खाली, हात पाठीमागं. मॅडमनी नाव विचारलं, वय विचारलं, त्यानं सांगितलं. “सोबत कोण?” त्यांनी विचारलं. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि मी पुढं झाले. पण माझ्या आधीच आत्याबाई खुर्चीवरून अर्ध्या उठल्या, भंडाऱ्याचा डाग अजून न निघालेल्या हातानं त्यांनी लेकाचं मनगट घट्ट धरलं आणि म्हणाल्या, “लिव्हा मॅडम. त्याला मी आनलाय.”